गालातला घास

“पीठ जाडं दळलंय मेलं! टाळूची सालं निघाली माझ्या, आणि हिला घाई सुटलीये.”

सेवेरा अगदी माझ्या कानाशी कुरकुरली. तोंडात मक्याच्या पिठाचा गोळा असताना माणसाला जेवढं बोलता येतं तेवढंच ते बोलणं होतं. पण जन्मभर तिच्या शेजारी बसल्यामुळे मला ते स्वच्छ कळायचं.

“दुपारच्या आत उरकायचंय,” मी म्हटलं. “देल्फिना येतेय पाहुण्यांना घेऊन.”

“तेच म्हणतेय. लेक येणार म्हणून आईनं आपलं काम लपवायचं! कुठल्या गावची रीत ही?”

आई समोरच बसली होती. ऐकू न आल्यासारखं करून ती पिठाच्या टोपलीत बघत राहिली. तिचं तोंड चालूच होतं.

मोये झाडाखाली आम्ही पाचजणी गोल करून बसलो होतो. मूठभर पीठ तोंडात घ्यायचं, जिभेनं घोळवायचं, लाळेनं सगळं भिजून गोडसर लागायला लागलं की टाळूला दाबून त्याची वडी करायची आणि ती जिभेनंच अखंड बाहेर काढून फडक्यावर ठेवायची. उन्हात वाळली की तिला मुको म्हणतात. मुको ऊन पाण्यात भिजतो, त्याची निवळ उकळते, रांजणात जाते, फसफसते आणि तिची चिचा होते. चिचा झाली की आम्ही दारावरच्या काठीला पांढरं फडकं बांधतो आणि गाव प्यायला येतं. आईनं आम्हा दोघी बहिणींना त्याच फडक्याखाली वाढवलं. क्लिसाच्या बाजारात बाकीच्या बायकांच्या टोपल्या भरलेल्या असतानाच तोमासाचा, म्हणजे माझ्या आईचा, मुको संपलेला असायचा. तिच्या तोंडाला गोडी आहे, असं लोक म्हणायचे, आणि ते कौतुकच असायचं.

या कामाला एक नियम आहे. घास तोंडात गेला की तो पुरा व्हायलाच हवा. अर्धवट भिजलेला मका जमिनीवर पडला तर त्या साली रांजण जागे होत नाहीत असं आमच्याकडे मानतात. आणि जी गिळते तिला हावरट म्हणून जन्मभर नाव पडतं.

देल्फिना माझी थोरली बहीण. लहानपणी तीही या गोलात बसायची. तिचं तोंड लहान, वड्या बोरासारख्या व्हायच्या, पण एकही कधी फुटली नाही. काम झालं की ती रांजणाला कान लावून उभी राहायची. “आई, आत कोण बोलतंय?” असं विचारायची. आई म्हणायची, “चिचा बोलतेय. झोपेतून उठतेय ना, म्हणून कुरकुरतेय.” एवढ्यावर दुसऱ्या कुठल्याही पोरीचं समाधान झालं असतं. हिचं झालं नाही. ती आधी नन्सच्या शाळेत गेली, मग कोचाबांबाला, मग शिष्यवृत्ती मिळवून थेट ब्युनोस आयर्सला, आणि तिथे प्रोफेसर ओल्मेदो यांच्या हाताखाली आंबण्याची सगळी रसायनविद्या शिकून डॉक्टर होऊन परत आली. आमच्या विद्यापीठानं तिला एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि कोंबडीची पिल्लं उबवायची एक जुनी पेटी दिली. त्या पेटीत तिनं पिल्लांऐवजी खोऱ्यातल्या प्रत्येक चिचेचे थेंब उबवले. कुठल्या रांजणात कुठलं यीस्ट आहे, आंबट करणारे जीव कधी येतात आणि कधी हरतात, हे सगळं तिनं शोधून काढलं. परदेशातल्या मासिकांत तिचं नाव छापून आलं. तिच्याआधी आमच्या देशात या वाटेनं कुणी गेलं नव्हतं, असं तिचे विद्यार्थी म्हणायचे. घरी ती यायची तेव्हा मात्र रांजणाला कान लावायची नाही.

एकदा तिनं आईला हे सगळं समजावून सांगितलं होतं. आईच्या गळ्यातली मण्यांची माळ काढून घेतली आणि म्हणाली, “मक्यातलं पिष्ट म्हणजे ही अशी माळ. यीस्टला अख्खी माळ गिळता येत नाही. त्याला सुटे मणी लागतात. सुटे मणी म्हणजे साखर. ते खाऊन ते दारू करतं.”

“मग माळ तोडतं कोण?” आईनं विचारलं. ती हसत होती, कारण उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते लेकीच्या तोंडून ऐकायचं होतं.

देल्फिना माळेकडे बघत म्हणाली, “अंकुर. मक्याला मोड आणले की मोडातलं द्रव्य तोडतं.”

“पण आपण कुठे मोड आणतो?” मी म्हटलं.

“पलीकडच्या गावात आणतात ना. मी तसंच लिहिलंय.”

आईनं माळ परत गळ्यात घातली आणि चुलीकडे गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या विषयाला झाकण लागलं. देल्फिनानं आईच्या रांजणातली चिचा मोजली होती आणि कारण पलीकडच्या गावाचं लिहिलं होतं. हे तिला माहीत, मला माहीत, आईला माहीत. तिघीही एकमेकींना ‘अजून बटाटा घे’ म्हणत राहिलो.

मला ती एकदाच, फक्त एकदाच, काही बोलली होती. ब्युनोस आयर्सला पहिल्या वर्षी ती ज्यांच्याकडे राहायची त्या बाईंना जेवताना तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे चिचा अशी करतात, माझी आई सगळ्यांत छान करते. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळा कप आला. त्याला दोरा बांधलेला, ओळखू यावा म्हणून. “दांडी तुटलेली होती गं त्याची, कासिल्दा,” ती म्हणाली. जणू दांडी शाबूत असती तर चाललं असतं. पुढे ती तिथे बरीच वर्षं राहिली आणि त्याच कपातून कॉफी प्याली.

म्हणून या वेळी तिनं बसच्या ड्रायव्हरकडे निरोप धाडला तेव्हा मी वाद घातला नाही. प्रोफेसर येताहेत, मुको कुठेही दिसता कामा नये, मोड आलेला मका पसरून ठेवा. मी पलीकडच्या गावातून टोपलीभर मोड आलेला मका मागून आणला आणि अंगणात गवतावर पसरला. लग्नात उसने आणलेले दागिने घालून बसलेल्या नवरीसारखं दिसत होतं आमचं अंगण. पण सणाची चिचा लावायची होती, मुको कमी पडत होता, आणि पाहुणे दुपारी येणार होते, म्हणून आम्ही सकाळी गोलात बसलो.

पाहुणे सकाळीच आले.

विद्यापीठाच्या जीपचा भोंगा कोपऱ्यावर वाजला आणि पाच तोंडं एकदम थांबली. आईनं आपली वडी झटकन पुरी केली. आणखी दोघींच्या होतच आल्या होत्या. मी माझी पुरी करून फडक्याची चारी टोकं उचलली, सगळा ओला मुको गोळा केला आणि आईच्या पलंगाखाली ढकलला. परत येऊन बघते तर सेवेरा तशीच उभी. उजवा गाल टम्म फुगलेला, डोळे विस्फारलेले. तिनं नुकताच नवीन घास घेतला होता.

“थुंक!” मी दबक्या आवाजात म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चर्चच्या पायरीवर थुंकायला सांगतेय.

प्रोफेसर ओल्मेदो उंच, वाकलेले, पार धुळीनं माखलेले होते. टोपी हातात घेऊन त्यांनी आधी आईला लवून नमस्कार केला. तसा नमस्कार आमच्या दारात कुणी शहरी माणसानं कधी केलेला नव्हता. देल्फिना त्यांच्या मागे उभी होती. निळा कोट, केस घट्ट बांधलेले, नजर अंगणभर फिरणारी. मोड आलेला मका दिसला तेव्हा तिचा श्वास सुटला. सेवेराचा गाल दिसला तेव्हा पुन्हा अडकला. सेवेरा तिची धर्माची आई, बाप्तिस्म्याला तिला हातात घेतलेली.

“आणि या कोण?” प्रोफेसरांनी विचारलं.

“माझी माद्रिना,” देल्फिना म्हणाली.

“नमस्कार, दोन्या! कशा आहात?”

सेवेरानं डोळ्यांनी हसून दाखवलं. गाल हलला नाही.

“दाढ,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. “दाढ दुखतेय तिची.”

“फार सुजलीये हो!” ते इतके कळवळले की मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांनी बॅगेतून लवंगेच्या तेलाची बाटली आणि कापूस काढला. “मीही दाढेनं हैराण असतो, कायम जवळ ठेवतो. हा बोळा आत धरा, आराम पडेल.” सेवेरानं बोळा घेतला आणि ओठांच्या कडेला धरला. त्यांनी तिचा हात धरून तिला दाराजवळच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि उठू नका असं बजावलं. त्यामुळे बिचारीला परसात जाऊन घास पुरा करायचीही सोय राहिली नाही. बाकीच्या दोन बायका आपल्या शालीत तोंड खुपसून खोकत होत्या. खोकला नव्हता तो.

आत जेवायला आम्ही कुई, म्हणजे घरी पाळलेले गिनिपिग, भाजले होते, बटाटे, आणि पाट्यावर वाटलेली मिरची-टोमॅटोची याख्वा. आईनं भोपळ्याच्या तुतुम्यात चिचा ओतली, पहिले थेंब जमिनीला दिले, अर्धा तुतुमा स्वतः प्याली आणि भरून प्रोफेसरांच्या हातात दिला. त्यांनी एका दमात संपवला. “ही तीच!” ते म्हणाले. “देल्फिनानं वर्णन केलेली. अगदी तीच.” मग त्यांनी भरून देल्फिनाच्या हातात दिला. तिनं ओठ टेकवले आणि तुतुमा माझ्याकडे सरकवला. परत आल्यापासून ती असंच करायची. यकृताला सोसत नाही म्हणायची. आईची नजर तेवढ्यापुरती दुसरीकडे असायची. दर वेळी.

जेवता जेवता प्रोफेसर ज्या कामासाठी आले होते त्यावर आले.

“आता मी पुस्तक लिहितोय. बहुधा शेवटचंच. त्यात शेवटचं प्रकरण तुझ्या या चिचेवर आहे, तुझ्या नावानं.” देल्फिनानं मान खाली घातली. “पण एक काटा आहे गं माझ्या पायात. तुझ्या रांजणात जेवढी साखर सापडली तेवढी आमच्याकडे येतच नाही. मोड आलेला मका घेतला, तुझ्याच पद्धतीनं केलं, निम्मीसुद्धा नाही. ते काम मी अनिबालला दिलं होतं. हुशार पोरगा. त्यानं पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी तेच. म्हणाला, सर, लेखातच काहीतरी चुकलंय. मी भडकलो. म्हटलं, देल्फिना क्लारोसनं मोजलेलं चुकत नसतं, तुझाच हात गचाळ आहे. प्रयोगशाळेतून काढून टाकला त्याला. आता मामाच्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधतो.” त्यांनी बटाटा सोलून तसाच ठेवला. “मग मला झोप लागेना. म्हटलं, मरायच्या आधी स्वतः जाऊन बघावं. ती वरची साखर येते कुठून?”

देल्फिनाच्या मानेवर लाल चट्टे उठले. लहानपणी खोटं बोलताना उठायचे तसेच. ती काटा-चमचा नीट एका रेषेत लावत बसली. मला तिचं हाडकुळं मनगट दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, बोल, अगं बोल, त्या पोराचं काय. आणि त्याच मनात, नको बोलूस, गाव बघतंय, असंही म्हणत होते. पलंगाखालच्या मुकोचा आंबूस गोड वास आता खोलीभर यायला लागला होता. निदान मला तरी येत होता.

आईला स्पॅनिश बाजारापुरतं येई. घरात आमचं सगळं केचुआत चाले. प्रोफेसरांचं बोलणं तिला कितपत कळलं असेल देव जाणे. पण ‘साखर’ कळलं, ‘पोरगा’ कळलं, ‘काढून टाकला’ हे तर नक्कीच कळलं असावं. ते देल्फिनाला म्हणाले, “तुझ्या आईला विचार ना, त्या सुरुवातीपासून काय काय करतात.” देल्फिना आईकडे वळली, पण प्रश्न तिच्या तोंडातून निघेना. काहीही विचारलं तरी आईचं उत्तर तिलाच स्पॅनिशमध्ये करून सांगावं लागणार होतं. खरं किंवा खोटं, तिच्याच जिभेनं.

तेव्हा आई स्वतःच बोलली. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, थेट त्यांच्याकडे बघून. लेकीला मध्ये घेतलंच नाही.

“मका भिजवते, सेन्योर. गवतात ठेवते. मोड येते.”

“बरं. आणि झालं हे कशावरून ओळखता?”

“तोंडात गोड लागलं की,” आई म्हणाली, आणि लगेच तिचा हात तोंडावर गेला.

आईनं हात खाली घेतला, शालीला पुसला.

“आणि मग साखर घालते,” ती म्हणाली.

“साखर?”

“हो. दुकानातली. पांढरी. पुष्कळ घालते.” तिनं ओंजळ करून दाखवली. “लेकीला माहीत नाही. तिला सांगितलं नाही मी. गोड झाली की लोक जास्त पितात ना, म्हणून.”

दाराशी बसलेल्या दोघींपैकी एकीच्या हातातला तुतुमा निसटला. आमच्या खोऱ्यात चिचा करणाऱ्या बाईला लोक काहीही म्हणोत, भांडखोर म्हणोत, नवऱ्याला मारणारी म्हणोत, तिचा धंदा चालतो. चिचेत दुकानातली साखर घालते असं ज्या बाईबद्दल बोललं जातं तिच्या दाराचं पांढरं फडकं लोक बघेनासे होतात. आणि हे दुसऱ्या कुणी नाही, तोमासानं स्वतःबद्दल सांगितलं होतं, शेजारणींदेखत.

“आई, काय बोलतेस तू!” मी केचुआत ओरडले.

“तू गप्प बस, कासिल्दा. कुणाच्या तरी लेकाचं काम गेलंय तिकडे.”

प्रोफेसरांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. मला त्यांचा राग यावा असं वाटत होतं आणि येत नव्हता. ते भले गृहस्थ होते. ते देल्फिनाकडे झुकले आणि हळू आवाजात, आम्हाला कळत नाही अशा समजुतीनं म्हणाले,

“तर असं होतं. मनाला लावून घेऊ नकोस, यात तुझा काही दोष नाही. गरीब बाई, धंदा करायचा तर लोक असं करतातच. आपण पुस्तकात एक ओळ टाकू. नमुन्यात विक्रेतीनं भेसळ केली होती, संशोधिकेला त्याची कल्पना नव्हती. तुझं बाकीचं काम शाबूत राहील. अनिबालला मी स्वतः जाऊन परत आणीन.”

विक्रेतीनं भेसळ केली होती. मी वाचायला शिकले ती देल्फिनानं घरी टाकलेल्या मासिकांवर, बोट ठेवून, एकेक अक्षर. तशीच ही ओळ मला दिसायला लागली. छापलेली. आईला ती कधीच वाचता येणार नव्हती, आणि ती तिथे कायम असणार होती.

आई ताटं गोळा करायला उठली होती. वाकताना तिनं देल्फिनाच्या खांद्याला हळूच हात लावला, ताप बघतात तसा. ओठ किंचित उघडे होते. आत टाळूजवळ सोललेलं लाल दिसत होतं. जाड दळलेल्या पिठानं.

देल्फिनानं ते बघितलं. मी तिला बघताना बघितलं.

ती उठली. प्रोफेसरांना वाटलं निघायचंय, ते टोपी शोधायला लागले. ती दाराकडे गेली आणि सेवेरासमोर जाऊन उभी राहिली.

“माद्रिना,” ती म्हणाली, केचुआत नाही, स्पॅनिशमध्ये, सगळ्यांना कळेल असं. “काढ तोंडातला.”

“देल्फिना, नको,” आई म्हणाली. “झालंय ना आता सगळं नीट. बस खाली.”

सेवेरानं आईकडे बघितलं, मग धर्माच्या लेकीकडे. ओठाशी धरलेला कापसाचा बोळा फेकला. घास टाळूशी दाबला, नेहमीच्या सवयीनं, आणि जिभेनं अलगद बाहेर काढून देल्फिनाच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवला. एवढा वेळ राहिल्यानं पार भिजलेला, मऊ, कडेनं चमकणारा. कुठेही न फुटलेला.

“दाढ नव्हती तर,” प्रोफेसर म्हणाले.

देल्फिना तो तळवा त्यांच्यासमोर धरून उभी राहिली. घास जमिनीवर पडू नये म्हणून दुसरा हात तिनं खाली धरला होता.

“माझ्या आईनं आयुष्यात कधी चिचेत साखर घातली नाही, सर,” ती म्हणाली. “ती साखर थुंकीनं होते. आमच्या थुंकीनं. मला सांगायची लाज वाटली.”